दादाच्या हरण्याची कारणं

माझी नात मोबाइलवर बॉक्सिंग बघते. दुपारची जेवणं उरकली की खारघरच्या या फ्लॅटमध्ये ती माझ्या पलंगावर पाय पसरून बसते आणि कुठल्या तरी परदेशातले दोन पुरुष एकमेकांना बडवताना आम्ही दोघी बघतो. मला त्यातली मारामारी फारशी आवडत नाही. मला आवडतं ते नंतरचं. हरलेल्याच्या तोंडापुढे माइक धरतात आणि तो बोलायला लागतो. नात मला मराठीत सांगते. खांदा आधीपासूनच दुखत होता. वजन उतरवताना अंगातलं पाणी गेलं. पंच त्यांच्या बाजूचा होता. एकाने तर हॉटेलातल्या गादीचं नाव घेतलं, गादी मऊ होती म्हणून पाठ धरली म्हणे. मी हसते. नात विचारते, "आजी, तुला काय कळलं एवढं हसायला?" मी म्हणते, "मला सगळं कळलं, बाय."

हे सगळं मी सारसोळ्याच्या आमच्या घरात सतरा वर्षांची असताना ऐकलेलं आहे. तेव्हा माइक नव्हता. आमच्या घराची ओटी होती आणि ओटीवर माझा थोरला भाऊ मोरेश्वर, म्हणजे दादा, बसलेला होता. मी हे लिहून माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवणार आहे. दादा अजून आहे. त्याला वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा न लावण्याचीही त्याच्याकडे कारणं आहेत.

आमचं घर गावाच्या खाडीकडच्या टोकाला होतं. पुढे ओटी, मधे एक खोली, मागे चूल. मागचं दार उघडलं की चिखल, आणि चिखलाच्या पलीकडे तिवरांची झाडी. भरतीला होडी जवळजवळ दारात यायची. गावाच्या वरच्या अंगाला नवीन शहर उभं राहत होतं, त्यामुळे एका कानात दिवसभर खडी फोडणाऱ्या यंत्राचा आवाज आणि दुसऱ्या कानात होडीवर पाणी आपटल्याचा. बा शिडाची होडी घेऊन खाडीत जायचा. आय पाटी डोक्यावर घेऊन वाशीच्या नव्या वस्तीत मासळी विकायची. मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली, कारण घरी कोणीतरी हवं होतं. दादाही कोणीतरीच होता, पण तो घरी राहायचा नव्हता, तो मोठा व्हायचा होता. मी बोलायची नाही. लोकांपुढे माझा आवाज घशातच राहायचा. पाहुणे आले की मी चुलीपाशी जाऊन बसायची, आणि आय सगळ्यांना सांगायची, "आमची यमू गरीब हाय गो, तिच्या तोंडात जीभच नाय." हे ती कौतुकाने सांगायची. त्याचा पुढे काय उपयोग होणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

दादाला बॉक्सिंगचा नाद वाशीत लागला. तिथे पेडणेकर मास्तर म्हणून एक म्हातारे गृहस्थ पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवत. दादाचे हात लांब होते आणि तो दिसायला देखणा होता. सुरुवातीला तो खरंच घाम गाळायचा, हे मला सांगायलाच हवं. आमच्या ओटीच्या वाशाला त्याने खाडीची वाळू भरलेलं गोणपाट टांगलं होतं आणि पहाटे बा होडीवर गेला की त्याचं धप्, धप्, धप् सुरू व्हायचं. भिंतीवरची भांडी हलायची. तो लढती जिंकला. बिनपैशाच्या, शाळांच्या मैदानातल्या लढती, पण जिंकला. मग आमच्या घरातलं जेवण बदललं. जिताडा मिळाला तर त्याची पोटाकडची तुकडी दादाची. खेकड्याचे डेंगे दादाचे. अंडी दादाची. मला आणि आयला डोकं आणि शेपूट, आणि चिखलातले निवटे मिळाले तर त्यांचं कालवण. मला निवटे आवडायचे, तेव्हा त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आय तुकडी वाढताना माझ्या ताटाकडे बघायची नाही, ते मला दिसायचं.

मग एका ठेकेदाराने वाशीच्या मैदानात मांडव घालून पैसे ठरवून लढती लावायचं काढलं. आता दादा धंदेवाईक झाला. पनवेलच्या एका पोराशी सहा फेऱ्यांची लढत ठरली आणि दादाचा फोटो छापलेले कागद भिंतींवर लागले. उघडं अंग, हाताच्या मुठी, केस पाणी लावून मागे. गावातली पोरं त्या कागदापुढे उभी राहून तशाच मुठी करायची. मला वाटतं, दादा लढत हरला तो त्या कागदापुढेच. कारण त्यानंतर ओटीवरचं गोणपाट वाजेनासं झालं. "आता घरी नाय, मास्तरांच्याकडेच करतो सगलं," असं तो आयला सांगायचा आणि सकाळी अंघोळ करून, केस बसवून वाशीला जायचा. सरावाला अंघोळ करून जाणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

बॉक्सर लोक ग्लोव्हच्या आत हाताला सुती पट्ट्या गुंडाळतात. लांबलचक असतात, लुगड्याच्या काठासारख्या. दादाच्या पट्ट्या धुवायच्या, सुकवायच्या आणि घट्ट गुंडाळी करून बांधून ठेवायच्या, हे काम माझं होतं. गुंडाळी सुटू नये म्हणून मी तिला दोरा बांधायची, आणि दोऱ्याला गाठ मारायची ती जाळ्याची. मला बाने शिकवली होती. ती गाठ ओढली की आवळते, आणि सोडवायची तर कुठला पदर आधी ढिला करायचा ते माहीत असावं लागतं. दादा कोळ्याचा पोर, पण जाळ्याला त्याने कधी हात लावला नाही. त्याला ती गाठ सोडवता यायची, नखाने ओरबाडून, पण परत मारता यायची नाही. तर त्या दिवसांत पट्ट्या घरी यायच्या त्या ओल्याचिंब. आय म्हणायची, "बघ गो, किती घाम गालतो माजा पोर." मी गुंडाळी हातात घ्यायची. तिला नळाच्या पाण्याचा वास असायचा. आणि दोऱ्याला माझीच गाठ, मी मारलेली, जशीच्या तशी. त्याने गुंडाळी न सोडताच बादलीत बुडवलेली असायची. हे एक दिवस झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. महिनाभर झालं. मी रोज ती गाठ सोडवायची, घामाचा थेंबही नसलेल्या पट्ट्या धुवायची, सुकवायची, आणि परत तीच गाठ मारून ठेवायची. कोणाला बोलले नाही.

लढतीच्या दिवशी संध्याकाळी गावातून टेम्पो निघाला. आधी दादा आणि त्याचे मित्र पुढे गेले, मग आम्ही बायका मागून दुसऱ्या टेम्पोने. मांडवात एवढी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. पनवेलचा पोरगा बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, ठेंगणा, सावळा, त्याच्या अंगावर बघण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्या दादा छान नाचला. आमच्या बायका ओरडत होत्या. तिसऱ्या फेरीत दादाचं तोंड उघडं पडलं. मासा होडीत टाकला की जसा तोंड उघडतो तसं. चौथ्या फेरीत त्या ठेंगण्याने खाली वाकून त्याच्या बरगडीखाली एक ठोसा दिला. फार मोठा वाटला नाही. दादा मागे सरकला, थोडा थांबला, आणि एक गुडघा खाली टेकला. पंच बोटं दाखवून मोजायला लागला.

पोटातला मार काय असतो मला माहीत नाही. नात सांगते की त्याने माणसाचा श्वासच बंद होतो, पायातला जीव जातो. असेल. मी ते मान्य करते. पण मी दोरीपासून चार हातांवर बसले होते आणि मला दादाचा चेहरा दिसत होता. त्याचे डोळे उघडे होते. पंच मोजत होता आणि दादाचे ओठही हलत होते, त्याच्याबरोबर तोही मोजत होता. दहा झाले तसा तो उठला. नीट उठला, आणि गुडघ्याची धूळ झटकली. नंतर पनवेलचा पोरगा त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "दादा, हात चांगला हाय तुजा. दम कमी पडला." सगळ्या लढतीबद्दल कोणी खरं बोललेलं तेवढं एकच वाक्य. दादाने तोंड फिरवलं.

त्या वेळी त्याने म्हटलं असतं, मला झेपलं नाही, तर मी त्याचे पाय चेपले असते. लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? बा कितीदा रिकामी होडी घेऊन यायचा. दारात यायचा, आयकडे बघून म्हणायचा, "आज नाय," आणि पाय धुवायला जायचा. दोन शब्दांत माणसाचं काम भागतं. दादाला दोन शब्द पुरले नाहीत.

पहिलं कारण मांडवातच निघालं. ग्लोव्ह. एक ग्लोव्ह ओला होता, जड होता. पेडणेकर मास्तर तिथेच उभे होते. ते म्हणाले, "मी बांधले तुझे ग्लोव्ह. ओला होता तर तेव्हा का नाही बोललास?" ते कारण तिथेच संपलं. परतताना सगळे एकाच टेम्पोत होतो, तिथे पंचाचं कारण निघालं. पंच पनवेलवाल्यांचा साडू. मित्रांनी थोडा वेळ मान डोलावली, पण त्यातलाच एक म्हणाला, "साडू असता तर येवढं सावकाश मोजलं असतं काय रं? म्यां तर दोनदा दहा मोजले." सगळे हसले.  दुसऱ्या दिवशी सकाळी पोट निघालं. लढतीच्या आदल्या रात्रीच्या कोळंबीने पोट बिघडलं म्हणे. आय चुलीपाशी होती. तिने हातातलं उलथनं घेऊन ओटीवर येऊन विचारलं, "माज्या कोलंबीनं? त्याच कालवनातलं तुजा बा जेवला, यमू जेवली, मी जेवले. आमची पोटं काय दगडाची?" असं तिसरंही गेलं.

आता नीट बघा. ग्लोव्हसाठी मास्तर उत्तर द्यायला होते. पंचासाठी मित्र होते. कोळंबीसाठी आय होती. दादाला असं कारण हवं होतं ज्याला तोंड नाही. आणि असं कारण घरातच होतं, मागच्या दारी भांडी घासत होतं.

आमच्यात एक रीत आहे. माणूस होडीवर निघाला, किंवा कुठल्याही मोठ्या कामाला निघाला, की पाठीमागून त्याला कुठे चाललास, कधी येशील, असं विचारायचं नाही. त्याने काम फसतं. चुकून कोणी विचारलंच तर त्या माणसाने परत फिरायचं, घरात येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं. लहान पोरालाही हे माहीत असतं. तिसऱ्या दिवशी दादा ओटीवर चार माणसांत म्हणाला, "आता तुमाला खरं सांगू? मी निघालो तवा यमू पाठनं बोलली. कुठं चाललास म्हनाली. तवाच माज्या मनात आलं, आज काय खरं नाय."

मी आत होते. माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. तो निघाला तेव्हा मी बाच्या बाजूला दारात उभी होते आणि माझ्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. मला म्हणायचं होतं, सांभाळून. तेही मी म्हणाले नव्हते. सगळं आयुष्य न बोलण्यात काढलेल्या मुलीवर बोलल्याचा आळ आला होता, आणि तो सगळ्यांना लगेच पटला. "गरीब दिसतात ना, त्यांचंच असं असतंय," माझी आत्या म्हणाली. मला वाटलं आता बा बोलेल. बा जाळं दुरुस्त करत होता. तो जाळंच दुरुस्त करत राहिला.

मग ते पसरलं. शेजारचा काका होडीवर जाताना आमच्या घराकडे बघून लांबून जायला लागला. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "यमे, आज काय विचारू नको बाय, आमचे लोक बाहेर हायेत." आणि हसायच्या. नारळी पौर्णिमेला सगळ्या बायका नटून किनाऱ्यावर गेल्या तेव्हा आयने मला हळूच सांगितलं, "तू घरीच ऱ्हा. आपलं कशाला बोलाचं कोनाला." ती माझ्या डोळ्यांत न बघता वेणीतलं फूल नीट करत होती. मी घरी बसले. गाणी लांबून ऐकू येत होती. आणि दादा? दादा किनाऱ्यावर नाचत होता. लढतीनंतर त्याची तब्येत सुधारली होती. माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवायची, "नशीब रे मोऱ्या, तुजा काय दोष," म्हणायची. एवढी माया त्याला जिंकल्यावरही मिळाली नव्हती. प्रत्येक नव्या माणसाला तो ती गोष्ट सांगायचा आणि प्रत्येक वेळी माझे शब्द बदलायचे. कधी मी 'कुठं चाललास' म्हणाले, तर कधी 'कधी येशील', आणि एकदा तर वडाखाली त्याने सांगितलं की मी त्याला हाक मारून हसले.

त्याच सुमाराला मला खाडीकाठच्याच दिवाळे गावातून स्थळ आलं. मुलगा होडीवर जाणारा. मुलाची आई आणि मामा बघायला आले. आयने सकाळपासून घर सारवलं, शेजारून कपबश्या आणल्या. मला तिने बजावलं, "खाली मान घाल, विचारलं तेवढंच बोल." होडीवाल्याच्या घरात माझ्यासारखी मुलगी कोण घेणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. हे स्थळ मोडलं असतं तर खाडीकाठच्या एकाही गावातून दुसरं आलं नसतं. पाठून बोलणारी, हेच माझं नाव झालं असतं.

दुपारची वेळ होती. ओटीवर बा, दादा, आणि पाहुणे. मी आत चहा गाळत होते. मामा उंच, काळाभोर, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने बसल्या बसल्या दादाला विचारलं, "तूच ना तो बॉक्सिंगवाला? फोटू बगला व्हता. काय झालं रं तवा?"

मला आजही आठवतं, त्या एका वेळी तरी तो गप्प बसेल असं मला खरंच वाटलं होतं. बहिणीला बघायला माणसं आली आहेत. ग्लोव्ह म्हण. पंच म्हण. आयची कोळंबी म्हण, आय आज भांडणार नाही. पण नवा ऐकणारा मिळाला की दादाला राहवायचं नाही. "काय सांगू मामा," त्याने सुरू केलं, "तयारी तर अशी व्हती. पन घरातनंच घात झाला." आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली. हातवारे करून. माझा आवाजही काढून दाखवला, बारीक, नाकातला. सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की आपण काय केलं, कारण तो पुढे म्हणाला, "म्हंजे तिचा काय वाईट हेतू नसंल. गरीब हाय पोरगी."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मी ट्रे खाली जमिनीवर ठेवला. मग माझ्या तोंडून आवाज निघाला. तो माझा आहे हे मला थोडं उशिरा कळलं.

"दादा, मी काय बोलली, ते सांग."

"काय?"

"शब्द सांग. काय बोलली मी?"

"सांगितलं ना. कुठं चाललास म्हनालीस."

"मंगळवारी तू काकाला बोललास, मी कधी येशील म्हनाली. वडाखाली बोललास, मी हाक मारून हसली. तीन झाले. कुठलं खरं?"

आयने आतून माझा पदर ओढला. दादा पाहुण्यांकडे बघून हसला. "अरे, आता येवढं कोन ध्यानात ठेवतंय. बोलली ती बोलली."

तोवर गप्प बसलेली मुलाची आई बोलली. बारीक, वाळलेली बाई, तोंडात पान. तिने दादाला विचारलं, "मंग तू परत का नाय फिरलास?"

"आं?"

"पाठनं विचारलं तर परत फिरतात. बसतात. पानी पितात. कोल्याचा ना तू? पानी का नाय प्यालास?"

इतक्या दिवसांत सबंध सारसोळ्यात हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. सगळ्यांना रीत माहीत होती. कोणी विचारलं नाही, कारण विचारलं तर गोष्ट मोडली असती. दादाचं तोंड उघडलं, तिसऱ्या फेरीसारखं. "टेम्पो चालू व्हता," तो म्हणाला. "पोरं घाई करत व्हती."

"घोटभर पान्याला किती वेळ लागतो?" बाईने पानाची पिंक बाहेर टाकली आणि ती बाकडे वळली. "पोरगा निघाला तवा तुमी व्हता ना घरात? तुमी सांगा. बोलली काय पोरगी?"

सगळे बाकडे बघायला लागले. मीही बघितलं. तो माझ्या एवढा जवळ उभा होता त्या दिवशी की त्याच्या बंडीचा माझ्या हाताला स्पर्श होत होता. बाने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. दादाकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "मना ऐकू नाय आलं. वारा व्हता त्या दिशी."

मामा एकदम पुढे झाला. "वारा? त्या दिशी?" त्याच्या मोठ्या आवाजाने मागची कोंबडी पळाली. "अहो, मी तुमच्या पोराचीच लढत बगायला निगालो व्हतो. दुपारपासनं शीड असं लोंबत व्हतं, न्हात्या बाईच्या केसांगत. हात सोलून निघाले वल्हं मारून, तरी लढत चुकली माजी. वारा कुठला घेऊन बसलात?"

 चाळीस वर्षं खाडीत घालवलेल्या माणसाने वाऱ्याबद्दल खोटं सांगितलं होतं, तेही दुसऱ्या होडीवाल्याला. दादाचं खोटं मला कधी लागलं नव्हतं एवढं ते लागलं. दादा तरी रोजचाच होता. मुलाच्या आईने बाकडे थोडा वेळ बघितलं, त्या बघण्यात राग नव्हता. तिने जमिनीवरचा ट्रे स्वतः उचलला, एक कप घेतला, एक भावाला दिला आणि मला म्हणाली, "बस गो माज्याजवल. चा चांगला केलास." चहा पिऊन झाल्यावर उठताना तिने आयला सांगितलं, "पोरगी आमी घेऊन जानार. तारीख मामा येऊन सांगंल." दादाशी ती बोलली नाही. जाताना मामा मात्र त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पुढच्या टायमाला पानी पिऊन जा रं बाबा."

पुढचा टाइम आलाच नाही. दादा पुन्हा लढला नाही. त्याचंही कारण आहे आणि त्यात ठेकेदार, गुडघा आणि सरकार असं सगळं येतं.

पट्ट्यांचं मी त्या दिवशी बोलले नाही. बोलता आलं असतं. एका गाठीची गोष्ट सांगितली असती तर दिवाळ्यापासून वाशीपर्यंत त्याला कोणी दारात उभं केलं नसतं, आणि ती ओटीवर माझ्या ओठांपर्यंत आली होती. त्याची तेवढी अब्रू मी राखली. मला तेव्हा वाटलं ही माया आहे. आता वाटतं, मलाच बघायचं होतं की माझ्या हातात असूनही मी ते वापरत नाही. मी त्याच्यापेक्षा बरी आहे हे स्वतःला दाखवायचं होतं. त्यातही थोडा माज होता.

पाहुणे गेल्यावर दादा चप्पल घालून बाहेर पडला. आय कपबश्या परत द्यायला शेजारी गेली. मी चुलीपाशी बसून संध्याकाळची मासळी साफ करायला घेतली. बा मागच्या दाराने आत आला आणि चुलीच्या पलीकडे उकिडवा बसला. पुरुष सहसा तिथे बसत नसत. 

"तू काय बोलली नव्हतीस," तो म्हणाला. "मना ठावं हाय. तुज्या बाजूलाच व्हतो मी."

मी मासळीचे खवले काढत होते.

"चुकलं माजं, यमू."

आमच्या घरात ते शब्द कुठल्याही पुरुषाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी सुरी थांबवली. पुढे काहीतरी येणार हे मला माहीत होतं, मी त्याची वाट बघत होते, आणि ते आलं.

"पोरगा हाय ना तो माजा," बा म्हणाला. "चार लोकांत खोटा कसा पाडू त्याला?"

"आनि मी कोन, बा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता परत वारा येईल, होडी येईल, लोक काय म्हणतील ते येईल. पण काहीच आलं नाही. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसलेलं उत्तर त्याने बनवलं नाही. माझ्या पुढ्यातली अर्धी मासळी त्याने आपल्याकडे ओढली आणि साफ करायला लागला. बाला मी त्या दिवशीच माफ केलं. दादाला अजून नाही.